बंद खोलीचा आवाज

३ मार्च, सोमवार

थोरल्यांचा अहवाल आला.

दरवर्षी याच सुमारास येतो. ‘थोरले’ म्हणजे ते मोठं राष्ट्र. जगातल्या यच्चयावत देशांत कोण कुणाला प्रार्थना करू देत नाही याची वर्षातून एकदा यादी करायची त्यांना सवय आहे. आमच्या खात्यात त्यांचं पूर्ण अधिकृत नाव घ्यावं असा नियम आहे. तेवढा दम कुणाला नाही, म्हणून थोरले. यादीत तीन वर्ग आहेत : लक्ष ठेवण्याजोगे, चिंताजनक, अतिचिंताजनक. आम्ही गेली चौदा वर्षं चिंताजनक आहोत. म्हणजे नापास नाही, पण पालकांना घेऊन ये असं सांगितलेलं. ज्या देशात थोरल्यांचा लष्करी विमानतळ आहे तो देश कुठल्याच वर्गात नाही. तिथले लोक बहुधा धर्माशिवायच राहतात.

या अहवालाला उत्तर देणं हे माझं काम. परराष्ट्र खात्यात तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या मशीनपलीकडे ‘खंडन कक्ष’ अशी पाटी आहे. कक्षात मी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या टंकलेखिकाबाई आणि एक लोखंडी कपाट. कामाची पद्धत ठरलेली. पहिलं वाक्य : ‘सदर अहवाल एकांगी, अपुऱ्या माहितीवर आधारलेला आणि आमच्या अंतर्गत बाबींत ढवळाढवळ करणारा आहे.’ मग त्यांच्या प्रत्येक मुद्द्यासमोर आपलं एकेक ‘नाही’. शेवटी दोन पानं त्यांच्या घरातली धुणी : त्यांच्याकडे यंदा कुणाची प्रार्थनास्थळं जळाली, कुणाच्या डोक्यावरचं वस्त्र कुणी ओढलं. ही माहिती कपाटातल्या एका वेगळ्या फाईलमधून येते. तिला आम्ही ‘आरसा’ म्हणतो.

यंदा आमच्यावर तीस मुद्दे आहेत. गेल्या वर्षी सव्वीस होते.

“प्रगती आहे साहेब,” टंकलेखिकाबाई म्हणाल्या आणि मशीनवरचं फडकं काढलं.

६ मार्च, गुरुवार

काल आमच्या जिन्यातली एक खोली सील झाली. दारावर कापडी पट्टी, लाखेचा शिक्का, वॉर्ड ऑफिसचा कागद.

खोली चष्मेवाल्याची. इमारतीच्या तळमजल्यावर त्याचं दुकान, दुकानाच्या डोक्यावर ही खोली, आणि खोलीच्या भिंतीला भिंत लावून आमचं घर. दर शनिवारी सकाळी तिथे वीस-पंचवीस माणसं जमतात आणि तासभर बसतात. नुसती बसतात. त्यांचा पंथच तसा. देवाला काही सांगायचं नाही, त्याच्याकडे काही मागायचं नाही, गप्प बसून तो काही म्हणतो का ते ऐकायचं. गल्लीत त्यांना ‘गप्पवाले’ म्हणतात. ते चपला जिन्यात काढतात, एवढाच काय तो त्यांचा उपद्रव.

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष दिसेल त्या भिंतीवर सूचना डकवत असतात, म्हणून त्यांना सगळे ‘नोटीसभाऊ’ म्हणतात. त्यांना हे लोक खटकत होते. का खटकत होते हे त्यांना विचारलं तर ते “ते नाही सांगता येत, पण तुम्हालाही कळतं” असं म्हणतात, आणि पंचाईत अशी की आपल्यालाही कळतं. मात्र वॉर्ड ऑफिसच्या तक्रार अर्जात ‘हे लोक इथे का जमतात’ असा रकाना नाही. तिथे फक्त चार चौकटी आहेत : तुंबलेलं पाणी, कचरा, मोकाट जनावरं, आवाज. पहिल्या तीन लागू पडेनात, म्हणून नोटीसभाऊंनी आवाजावर खूण केली.

तेव्हा तक्रार अशी की गप्प बसणाऱ्या माणसांच्या आवाजाचा रहिवाशांना असह्य त्रास होतो. खाली अकरा सह्या. तिसरी माझी.

मी सह्या करतो. दिवसाला साठेक होतात. अर्ज समोर आला तेव्हा मी ऑफिसला निघालो होतो, एक मोजा पायात आणि एक हातात. हे कारण नाही, हे मला समजतं. इथे लिहून ठेवतो एवढंच.

८ मार्च, शनिवार

आज ते आले. दाराला सील बघितलं, खाली उतरले आणि समोरच्या फुटपाथवर तासभर उभे राहून गेले. हातात फलक नाही, घोषणा नाही, काही नाही. निषेध तरी धड करावा माणसाने, म्हणजे आपल्याला चिडता येतं.

बायको खिडकीत उभी होती. मी पेपरमधून डोकं वर न काढता विचारलं, किती आहेत.

“तेवीस. ती पांढऱ्या केसांची बाई आली नाही. गुडघे दुखतात तिचे, उभं राहवत नसेल.”

तिला गुडघ्यांपर्यंत माहिती कशी, म्हणून मी पेपर खाली ठेवला. तेव्हा कळलं की तिची आई गेली त्यानंतर ती दोनदा तिथे जाऊन बसली होती. तिथे कुणी काही विचारत नाही, म्हणाली. सांत्वनसुद्धा करत नाहीत. फार बरं वाटलं.

“मला बोलली नाहीस.”

“बोलले होते. तुम्ही ‘बरं’ म्हणालात.”

अर्जावर सही केल्याचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. यादी जिन्यात लावलेली आहे, तिने ती वाचली नसेल अशी माझी समजूत आहे. आज माझा चहा खिडकीच्या कठड्यावर ठेवून ती आत निघून गेली. एरवी हातात देते.

११ मार्च, मंगळवार

चष्म्याचा स्क्रू सैल झाला. शहरात चष्म्याची पन्नास दुकानं असतील, पण सवयीने पाय खालच्याच दुकानाकडे वळले.

चष्मेवाल्याने स्क्रू बसवला, काचा पुसल्या, चष्मा माझ्या नाकावर ठेवून जरा वाकडा आहे का बघितलं. मग हळूच विषय काढला. दोन मेला वॉर्ड ऑफिसात सुनावणी आहे. अकरा जणांपैकी एकाने जरी सांगितलं की आवाज नव्हता, तर तक्रार पडते आणि सील निघतं. कुणीच नाही सांगितलं, तर खोली कायमची जाते. खोलीचा आणि दुकानाचा करारनामा एकच आहे, तेव्हा दुकानही त्याच कागदात जातं. एकोणीस वर्षांचं दुकान आहे. तो इतर दहांपैकी सहा जणांकडे जाऊन आला होता. दोघांनी दार उघडलं.

“तुमची भिंत आमच्या भिंतीला लागून आहे, साहेब. तुमचं एक वाक्य पुरे होईल.”

मी म्हटलं, बघतो.

या एका शब्दावर अख्खं सरकार चाललं आहे. त्याने मान डोलावली. स्क्रूचं काही घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

१४ मार्च, शुक्रवार

सेवानियम काढून वाचले. शासनाच्या कोणत्याही कृतीविरुद्ध सरकारी नोकराने जाहीर विधान करू नये. वॉर्ड ऑफिस म्हणजे शासन का? असावं. सील लावणं ही कृती का? असावी. ‘आवाज नव्हता’ हे विधान का? इथे मी जरा अडखळलो, पण एकूण नियम माझ्या बाजूने आहे. नियम माझ्या बाजूने निघाला की मला का कुणास ठाऊक, अपचन होतं.

दिवसभर खंडन लिहिलं. तीस मुद्दे, तीस उत्तरं. बाविसावा मुद्दा दूर डोंगरात पाडलेल्या एका प्रार्थनास्थळाचा. आमचं उत्तर : ते प्रार्थनास्थळ नव्हतं, धान्याचं कोठार होतं. आणि असलंच तर ते पडायला आलं होतं. आणि आलं नसेल तर ते रस्तारुंदीकरणात जात होतं. तिन्ही उत्तरं एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी नांदतात. चौदा वर्षांत कुणी त्यांची एकमेकांशी ओळख करून दिलेली नाही.

टंकलेखिकाबाईंनी आज टंकता टंकता विचारलं, “साहेब, त्यांनी आपल्याकडे बघूच नये, असं आपण म्हणतो ना?”

मी म्हटलं, हो, सार्वभौमत्वाचा प्रश्न आहे. त्यांनी स्वतःचं घर बघावं.

“मग आपलं कुणी बघायचं?”

मी म्हटलं, आपणच.

बाईंनी टाइपरायटरचं कॅरेज परत मागे ढकललं, पण जरा जोरात.

दुपारी मन लागेना म्हणून एकतिसावं उत्तर लिहून बघितलं. स्वतःपुरतं, कसं दिसतं ते बघायला : ‘३१. चष्म्याच्या दुकानावरील खोली केवळ आवाजाच्या तक्रारीवरून बंद करण्यात आली असून त्यामागे कोणत्याही पंथाविषयी आकस नाही.’ वाचलं. चांगलं वठलं होतं. इतकं चांगलं की दोन मिनिटं मलाही पटलं. पान फाडणार होतो, तेवढ्यात सहसचिव मॅडमनी बोलावलं. परत आलो तेव्हा बाईंनी सगळा गठ्ठा टंकून ठेवला होता आणि वर सहीची चिठ्ठी लावली होती. मी सही केली.

एकतिसावं आत गेलं का? गेलं असेल तर वर कुणीतरी काढेलच. नऊ टेबलं आहेत.

२१ मार्च, शुक्रवार

नऊ टेबलांवरून मसुदा परत आला. सहाव्या टेबलाने एक स्वल्पविराम घातला. आठव्याने तो काढला. चौथ्याने एकतिसाव्या मुद्द्यातल्या ‘केवळ’ या शब्दाखाली भर म्हणून रेघ ओढली.

म्हणजे ते आत आहे. आता काढायचं तर नऊ टेबलांवरून पुन्हा फिरवावं लागेल. इतका त्रास लोकांना कशाला द्यायचा.

२८ मार्च, शुक्रवार

खंडन प्रसिद्ध झालं. पेपरमध्ये पाचव्या पानावर चार ओळी, खाली टायरची जाहिरात. कुणी वाचलं नाही. चौदा वर्षांचा अनुभव कामी आला.

१ एप्रिल, मंगळवार

कुणीतरी वाचलं.

थोरल्यांच्या वकिलातीचं पत्र सकाळी आलं. अत्यंत गोड पत्र. आपल्या सविस्तर उत्तराबद्दल आभार. त्यातल्या एकतिसाव्या मुद्द्यात उल्लेख झालेल्या खोलीविषयी मात्र आमच्या अहवालात काहीच नव्हतं, ते आमच्याकडून राहून गेलं, त्याबद्दल दिलगीर आहोत; कृपया तपशील कळवावा.

मॅडमनी मला उभंच ठेवलं. मॅडम वाईट नाहीत. त्यांना फक्त दिवस संपायला हवा असतो, जसा तो आम्हा सर्वांना हवा असतो.

“ही खोली आली कुठून?”

मी म्हटलं, चुकून.

“जगाच्या इतिहासात न केलेल्या आरोपाचं खंडन करणारं आपलं पहिलं राष्ट्र असेल. चौदा वर्षं हे काम करताय आणि आज चुकून?”

मी म्हटलं, थकवा असेल. हे त्यांना पटलं. थकवा हे कारण आमच्या इमारतीत कुणालाही पटतं. आणि खरंच, मी मुद्दाम केलेलं नाही. मी मुद्दाम काही करणारा माणूसच नाही, हे माझ्या गोपनीय अहवालात सलग अकरा वर्षं लिहिलेलं आहे.

४ एप्रिल, शुक्रवार

खंडन मागे घेता येत नाही. मागे घेतलं तर आरोप मान्य केल्यासारखं होईल, आणि आरोप तर झालेलाच नव्हता. तीन दिवस सहा अधिकाऱ्यांनी डोकी खाजवली आणि ठरलं की खंडन खरं करायचं. खोलीतून आवाज येत होता याचा पुरावा तयार करून वकिलातीला धाडायचा.

आज सकाळी वॉर्डाचा निरीक्षक आवाज मोजायचं यंत्र घेऊन आला. सील सुनावणीआधी तोडता येत नाही, म्हणून त्याने यंत्र बंद दाराला टेकवून धरलं. जिन्याच्या खिडकीतून रस्ता वाहत होता : बस, टेम्पो, भंगारवाला, कुणाचा तरी रिव्हर्सचा भोंगा. आकडा आला अडुसष्ट डेसिबल. निवासी भागात मर्यादा पंचावन्न. निरीक्षकाने तो टिपला, खाली उतरला आणि गेला.

तर तीस दिवस कुलूपबंद असलेल्या रिकाम्या खोलीने आवाजाची मर्यादा तेरा डेसिबलनी ओलांडली. माणसं आत असताना ती काय करत असेल, कल्पनाच करवत नाही.

संध्याकाळी मॅडमनी पुन्हा बोलावलं. त्यांच्यासमोर मूळ तक्रारीची प्रत होती आणि तिसऱ्या सहीवर त्यांचं बोट.

“हे तुम्हीच?”

मी म्हटलं, मीच.

“भिंतीला लागून घर? अहो, मग देव पावला म्हणायचा. तुमचं एक प्रतिज्ञापत्र घेऊन टाकू. दर शनिवारी असह्य आवाज येत असे, म्हणून.”

मसुदा उद्या टंकून मिळेल म्हणाल्या. चष्मेवाल्यालाही माझं एक वाक्य हवं आहे, सरकारलाही एकच. माझ्या वाक्यांना आयुष्यात इतकी मागणी कधी नव्हती.

५ एप्रिल, शनिवार

गल्लीत झेंडा लावलेली गाडी आली. वकिलातीचा एक तरुण अधिकारी उतरला, चष्मेवाल्याच्या दुकानात अर्धा तास बसला. फुटपाथवर गप्पवाले उभे होते त्यांना लवून नमस्कार करून गेला. सगळी गल्ली गॅलरीत.

दुपारपर्यंत नोटीसभाऊंनी तातडीची सभा घेतली. विषय : परदेशी हस्तक्षेप. गेली चार वर्षं ज्यांच्याबद्दल ‘काय करतात कोण जाणे’ म्हणायचे, ते काय करतात हे आता सगळ्यांना एका दिवसात कळलं. ते थोरल्यांचे पगारी आहेत. गप्प बसतात कारण त्यांना गप्प बसायचेच पैसे मिळतात. एकाने विचारलं, हेरगिरी करायला बोलावं नाही का लागत? नोटीसभाऊ म्हणाले, तीच तर हुशारी आहे.

मला सभेत खास खुर्ची दिली. आपला माणूस खात्यात आहे, म्हणाले.

८ एप्रिल, मंगळवार

दुकानाच्या काचेवर कुणीतरी कागद डकवला : ‘येथे परदेशी नजर बसवून मिळेल.’ अक्षर नोटीसभाऊंचं नाही, त्यांचं याहून चांगलं आहे. आत गिऱ्हाईक नव्हतं. चष्मेवाला काचेवरचा कागद भिजवून सावकाश खरवडत होता, काचेला ओरखडा नको म्हणून चमच्याच्या पाठीने.

मी थांबलो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, वकिलातीचा माणूस कसा होता.

“चांगला होता साहेब. नंबर तपासून घेतला, फ्रेमही पसंत केली. म्हणाला, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. मी म्हटलं, तुम्ही पाठीशी उभे राहिलात की समोरचे जास्त चिडतात. तर तो म्हणाला, मग आम्ही बघत गप्प बसायचं का?” त्याने चमचा पुसला. “त्यांनी गप्प बसावं असं मला वाटत नाही. कुणीतरी लांबून बघतंय, एवढ्यानेही धीर येतो. पण खोली लांबून उघडत नाही, साहेब.”

मी तीस वर्षं सरकारी नोकरीत आहे. या विषयावर दोन परिसंवादांना गेलो आहे, एकात तर जेवणही होतं. राष्ट्रांनी एकमेकांचा न्याय करावा की नाही यावर इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. हे मी त्याला सांगणार होतो. पण तो माझ्याकडे बघत होता, तेव्हा घाईत आहे म्हणून निघालो.

९ एप्रिल, बुधवार

प्रतिज्ञापत्र टंकून मिळालं. बॅगेत आहे. बायकोला आज सगळं सांगितलं : सही, एकतिसावा मुद्दा, हे. तिने भाजी निवडणं थांबवलं नाही.

“यादी मी पहिल्याच दिवशी वाचली,” म्हणाली.

मग काही बोलली का नाहीस, असं विचारण्यात अर्थ नव्हता. तरी विचारलं.

“वाट बघत होते.”

मी समजावलं की सध्या दोन्हीकडून पेच आहे, प्रकरण आंतरराष्ट्रीय झालेलं आहे, योग्य वेळ येऊ द्यावी. ती म्हणाली, बरं.

१७ एप्रिल, गुरुवार

थोरल्यांशी व्यापार करार झाला. पहिल्या पानावर हस्तांदोलन. त्यांच्याकडून यंत्रं येणार, आमच्याकडून कापड आणि खनिज जाणार. संध्याकाळी त्यांचं निवेदन आलं की आमच्या देशातल्या धार्मिक सलोख्यात लक्षणीय सुधारणा दिसत असून आम्हाला आता ‘लक्ष ठेवण्याजोगे’ या वर्गात घेण्यात येत आहे. एक एप्रिलचं पत्र निकाली काढल्याचं वकिलातीने फोनवर कळवलं.

चौदा वर्षं ‘नाही, नाही’ म्हणून जे जमलं नाही ते कापडाने झालं. कक्षात पेढे वाटावेत का, टंकलेखिकाबाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा पेढ्यांसारखा नव्हता.

मला वाटलं, सुटलो. मॅडमकडे जाऊन म्हटलं, आता प्रतिज्ञापत्राची गरज नाही. त्या फाईल बांधत होत्या.

“गरज कुणालाच नाही हो. पण आपण पुरावा देतो म्हणून लिहिलंय, तर तेवढी एक जागा रिकामी दिसते. सुनावणीत द्या आणि प्रत इकडे जोडा. फाईल पुरी दिसली पाहिजे.”

म्हणजे आता ते दुकान राष्ट्राच्या अब्रूसाठीही जायचं नाही. फाईल पुरी दिसावी म्हणून जायचं.

वकिलातीच्या माणसाचा चष्मा तयार होऊन काउंटरवर पडला आहे. न्यायला कुणी आलेलं नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

चष्मेवाला स्वतः घरी आला. बसला नाही, दारातच उभा राहिला. म्हणाला, मार्चमध्ये मी तुमच्याकडे एक वाक्य मागितलं होतं, ते राहू द्या. तुमच्या नोकरीवर येईल, आमच्या माणसांनाही ते बरं वाटत नाही. आम्ही गावाबाहेर एक शेड बघितली आहे. दुकानाचं बघू.

मी म्हटलं, असं कसं, मी बघत होतो ना.

“हो. ते दिसत होतं,” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. मी शोधला.

तो गेल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. दोन वेळा पाणी प्यायलो.

२६ एप्रिल, शनिवार

ते आज पुन्हा फुटपाथवर. मी खिडकीतून मोजले. चोवीस. गर्दी घटायच्या ऐवजी वाढली कशी म्हणून पुन्हा मोजले. शेवटच्या रांगेत ओळखीची शाल. पाठमोरी होती, आधी कळलंच नाही.

नोटीसभाऊ खालून वर माझ्या खिडकीकडे बघत होते. मी आत सरकलो नाही. यात शौर्य काही नाही, पाय हलले नाहीत एवढंच.

तासाभराने ती वर आली आणि कुकर लावला. मी विचारलं, थकली असशील. ती म्हणाली, नाही.

३० एप्रिल, बुधवार

प्रतिज्ञापत्रावर सही केलेली नाही. पेन संपलं होतं. दुसरं होतं.

२ मे, शुक्रवार

निकाल पोस्टाने कळणार आहे. मॅडमचे तीन फोन येऊन गेले, घेतले नाहीत. त्या काय म्हणतील ते माहीत आहे : खंडन कक्षाच्या अधिकाऱ्याने आपल्याच खात्याचं खंडन केलं. सोमवारी ऑफिसात गेलं की कळेल टेबल कुठे हलवलं आहे ते.

सुनावणीच्या खोलीत दोन बाकं होती. एक तक्रारदारांचं, एक दुसऱ्यांचं. नोटीसभाऊंनी शेजारी रुमाल टाकून माझी जागा धरली होती. मी बसलो. समोरच्या बाकावर चष्मेवाला आणि त्यांच्यातले तिघे, एक ती पांढऱ्या केसांची बाई. मला बघून चष्मेवाल्याने मान किंचित हलवली, नका, अशी.

सुनावणी अधिकारी माझ्याच वयाचा, डोळ्यांत माझ्यासारखीच झोप. नोटीसभाऊंनी मोजमापाचा कागद पुढे केला. अडुसष्ट. अधिकाऱ्याने आकडा मोठ्याने वाचला आणि कारकुनाला म्हणाला, पुरावा आहे, घ्या. मग मला विचारलं, खात्याकडून तुमचं काही यायचं होतं ना? मी उभा राहिलो. पाठीत कळ आली. बाक फार बुटकं होतं.

“साहेब, हे मोजमाप चार एप्रिलचं आहे. खोली पाच मार्चपासून बंद आहे.”

त्याने कागद उलटापालटा केला. तारीख सापडायला वेळ लागला, कारण अशा कागदांवर तारीख कुणी बघत नाही. मग त्याने विचारलं, की मग हा आवाज कुणाचा?

मी म्हटलं, रस्त्याचा.

“आणि त्याआधी? शनिवारी आतून आवाज यायचा की नाही?”

“नाही.”

नोटीसभाऊंनी माझी बाही ओढली. कारकुनाने लेखणी उचलून धरली आणि कंटाळून म्हणाला की नुसतं ‘नाही’ लिहिता येत नाही. अर्जावर सही तुमचीच, आता नाही म्हणता, मग नव्हता हे कशावरून? काहीतरी आधार द्या.

आधाराचा मी विचारच केला नव्हता. चौदा वर्षं ‘नाही’ला आधार कधी लागला नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते. खरं तेवढं एकच होतं, आणि ते चांगलं नव्हतं.

“चार वर्षं ही माणसं माझ्या भिंतीपलीकडे दर शनिवारी जमत होती,” मी म्हटलं. “तिथे माणसं बसतात हे मला अर्ज समोर आला तेव्हा कळलं.”

कारकुनाने ते शब्दन्‌शब्द उतरवून घेतलं. चष्मेवाला खाली बघत होता. त्याने आभार मानले नाहीत. मानण्यासारखं त्यात काही नव्हतंच.